बिनशेपटाचं ड्रिल

औंढ्यातल्या आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन्ही पुरुषांच्या सोयीची. पुढच्या दारात बसून माझे सासरे कोंडाजी येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायचे, आणि कुणी त्यांची चौकशी करायला आलं की मागच्या दारानं शेताकडे सटकायचे. बाईमाणसाला जिथं दाराची खरी गरज, त्या न्हाणीला मात्र दार नव्हतं. परड्यात तीन बाजूंना दगडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला तरट. पुरुषांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ते विहिरीवर भर उन्हात गप्पा हाणत अंघोळ करायचे.

माझ्या सासूबाई विठाबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्या तीस वर्षं कोंबडा आरवायच्या आधी उठून न्हात होत्या. थंडी असो, अंगात ताप असो, उजाडायच्या आत अंघोळ उरकायची. मी तळेगावची, सातवी पास आणि जिभेला जरा धार असलेली. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात विचारलं, की न्हाणीला दार का नाही? आत्याबाई म्हणाल्या, "हितं कोन येतंय बघायला?"

पासष्ट सालच्या एका रविवारी बघायला आले. आदल्या रात्री पाहुणे मुक्कामाला होते, त्यांच्या चहापाण्यात आत्याबाईंना अंघोळीला आठ वाजले. आमच्या परड्यामागून लोहगडाकडे वाट जाते. पाठीवर पिशव्या बांधलेली मुंबईची पाच-सहा पोरं तिथं आली आणि नेमकी तरटापाशी उभी राहून विचारायला लागली, "मावशी, लोहगडाची वाट कुठली?" तेवढ्यात वारा आला आणि तरट उडालं. आत्याबाई हंड्याच्या आड मुटकुळं करून बसल्या आणि नुसता हात वर काढून त्यांनी वाट दाखवली. पोरं चांगल्या घरची असावीत. गर्रकन पाठ फिरवली आणि पाठमोरीच थँक्यू म्हणून पळाली.

संध्याकाळी जेवताना मी चुलीकडे तोंड करून ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, हसता हसता ठसका लागला. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी मामंजींच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "मला न्हाणीला दार पायजे. आतनं कडी लागनारं."

तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तोंडानं मागितलेली ही पहिली वस्तू. माझं हसू तिथंच थिजलं. गोष्ट सांगितल्याची मला लाज वाटली, आणि त्या दिवसापासून दार हे माझंही काम झालं.

माझे मालक लोणावळ्याला रेल्वेच्या शेडात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचे कामगार होते. नाव सोपान. त्या काळी नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी होती, आता बिनधास्त घेते. तर सोपानरावांनी तुंगार्लीकडच्या एका पाडायला काढलेल्या बंगल्यातून सागवानी दार चौकटीसकट पदरात पाडून घेतलं आणि बैलगाडीत घालून आणलं. बंगल्याच्या कंत्राटदारानं पितळी बिजागऱ्या आणि कडी आधीच उपसून ठेवली होती. आम्ही लोखंडी आणल्या, पण त्यांची भोकं जुन्या भोकांवर बसेनात. मालकांनी चौकट दगडमातीत स्वतःच घट्ट केली आणि दार लावायला अंबाजी सुताराला बोलावणं धाडलं.

इथं घोडं अडलं. आमच्याकडे नवं दार लागलं की सुताराला टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचा. तो त्याचा मान. अंबाजीभाऊ शेजारीच राहायचे. गरीब स्वभावाचे, पण मानाच्या बाबतीत खिळ्यासारखे ताठ. चौकट परस्पर बसवली म्हणून आधीच घुश्शात होते. त्यांनी विचारलं, "मान काय देनार?"

मामंजी म्हणाले, "न्हाणीच्या दाराला कसला आलाय मान? देवघराचं दार हाय का त्ये?"

"तुमच्यासाटी न्हाणी आसंल. माझ्यासाटी दार हाय," अंबाजीभाऊ म्हणाले आणि पिशवीतलं भोकं पाडायचं गिरमिट बाहेर न काढताच घरी गेले.

दोघंही हट्टाला पेटले. दार भिंतीला टेकून उभं राहिलं. एक महिना गेला, दोन गेले. दारामागं कोंबडी अंड्यावर बसली आणि तिची पिल्लं बाहेर पडून हिंडायला लागली, तरी दार तिथंच. चौकटीत तरट लोंबत होतं आणि आत्याबाई पुन्हा अंधारात उठत होत्या. मालकांनी एकदा भोक न पाडताच स्क्रू ठोकून बघितला, तर दाराला वीतभर चीर गेली. अंबाजीभाऊंनी कुंपणावरून ती चीर पाहिली आणि समाधानानं तंबाखू मळली.

ते पाहून मामंजींच्या अंगात आलं. म्हणाले, "आपलंच हत्यार घेऊ. भोकं पाडायला सुतार कशाला लागतोय? ह्या अंबाजीला टॉवेल देन्यापेक्षा घरात वस्तू येईल." टॉवेल, टोपी आणि नारळ मिळून जेवढे होतात त्याच्या तिप्पट खर्चाला ते एका बैठकीत तयार झाले. कंजूष माणूस हट्टाला पेटला की त्याच्याइतका उधळ्या कुणी नसतो.

बाजारच्या दिवशी आम्ही चौघं लोणावळ्याला निघालो. आत्याबाईंना मीच आग्रह करून बरोबर घेतलं. लोखंडी सामानाचं दुकान स्टेशनकडच्या रस्त्याला होतं. दुकानाचे शेठ गिऱ्हाइकाला बसायला स्टूल द्यायचे आणि मग उठू द्यायचे नाहीत. त्यांनी एकेक नग काढून फळीवर मांडला.

पहिलं साधं गिरमिट. लाकडी मुठीचं, दोन्ही हातांनी पिळायचं. सगळ्यात स्वस्त. मामंजींनी ते बाजूला सारलं. अंबाजीकडे असतं तेच आपण घेतलं तर मग काय राहिलं?

दुसरं छातीचं ड्रिल. त्याला मागं लोखंडी पाटी होती. ती छातीला लावून सगळं अंग त्यावर रेलायचं. मामंजींनी लावून पाहिलं, पण त्यांच्या छातीच्या आधी पोट पुढं यायचं आणि पाटी पोटात रुतायची. शेठ हसू दाबत म्हणाले, "हे जरा सडपातळ माणसाचं काम आहे."

तिसरं चाकाचं ड्रिल. एका हातानं मूठ धरायची, दुसऱ्या हातानं दातेरी चाकाचा दांडा फिरवायचा, की पुढची सळई गरगर फिरते. त्या सळईला शेठ बिट म्हणत होते. बरोबर दोन बिटं मिळणार होती.

आणि चौथं विजेचं. कुठल्याशा बंगल्यातून जुन्या सामानात आलेलं, विलायती, पिस्तुलासारखं दिसणारं. त्याच्या मागं लांबलचक काळी वायर. मामंजींचे डोळे त्याच्यावर खिळले. कुणी घेत नसल्यानं शेठ ते गिरमिटापेक्षा जास्त पण चाकाच्या ड्रिलपेक्षा कमी भावात काढायला तयार होते.

"ह्ये शेपूट कशाला?" मामंजींनी विचारलं.

"ती वायर आहे, आबा. विजेवर चालतं."

आमच्या गावात वीज नव्हती. लोणावळ्याच्या धरणाची वीज डोक्यावरच्या तारांतून सरळ मुंबईला जायची आणि खाली आम्ही चिमणी पेटवायचो. मामंजी क्षणभर विचारात पडले आणि मग त्यांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा सौदा मांडला. "मग आसं करा शेठ. शेपूट कापून तुमच्याकडंच ठेवा आन तेवढे पैसे कमी करा. आमाला बिनशेपटाचं द्या."

मालक छताकडे बघायला लागले. शेठ म्हणाले, "आबा, वायर कापली तर ते चालणार नाही."

"म्हाईत हाय मला," मामंजी म्हणाले. "तुमी खरं सांगता का, त्ये बघत हुतो."

पण त्यांची नजर त्या विलायती यंत्रावरून हटेना. आमच्या गावात वीज आज ना उद्या येणारच, तोवर राहील ओसरीवर, असं पुटपुटायला लागले. वीज येईपर्यंत आत्याबाईंनी अंधारात न्हायचं का? मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या फळीच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या आणि त्यांनी चाकाचं ड्रिल हळूच हातात घेतलं होतं. कुणाचं लक्ष नाही असं पाहून दांडा फिरवत होत्या. एकदा, दोनदा, दहादा. चेहरा असा, की जणू ओळखीचं माणूस भेटलंय.

सासऱ्यांशी सुनेनं तोंड वर करून बोलायची रीत नव्हती. पण खांबाशी बोलायला कुणाची बंदी नव्हती. मी पदर पुढं ओढला आणि दुकानाच्या खांबाला म्हणाले, "ते चाकाचं काही घेऊ नये बाई. अंबाजीभाऊ कालच म्हणत होते, की चाकाचं हत्यार सुताराच्या हातालाच वळतं. दुसऱ्याच्या घरात गेलं तर नुसतं गंजून जाईल म्हणाले."

अंबाजीभाऊ असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी जन्मात चाकाचं ड्रिल पाहिलं नव्हतं.

खांब गप्प राहिला. मामंजींनी मात्र विलायती यंत्र खाली ठेवलं. "काय म्हनला त्यो? सुताराच्या हातालाच वळतं? शेठ, ह्ये चाकाचं बांधा."

दुसऱ्या दिवशी परड्यात अर्धं गाव जमलं. दार दोन पाटांवर आडवं ठेवलेलं. मामंजींनी फेटा बांधला, ड्रिलला हळदकुंकू लावलं आणि कुंपणापलीकडे अंबाजीभाऊ दिसतायत याची खात्री करून दांड्याला हात घातला. सगळं वजन ड्रिलवर टाकून त्यांनी असा काही जोर लावला, की चौथ्या फेऱ्याला कट्ट झालं आणि बिट मोडलं. निम्मं सागात अडकलं, निम्मं त्यांच्या हातात.

"माल खोटा हाय," मामंजी म्हणाले.

मग मालकांनी दुसरं बिट लावलं. ते मोडलं नाही, पण भोक असं तिरपं गेलं, की दाराच्या पुढून शिरलेलं बिट कडेतून बाहेर आलं. लोक हसले. कुंपणापलीकडून अंबाजीभाऊंनी नुसतं "व्हय, व्हय" असं म्हटलं, तेही कुणाला उद्देशून नाही. मामंजींनी ड्रिल पुसलं आणि ओसरीवरच्या खुंटीला तलवारीसारखं टांगलं. "ह्या सागालाच खोट हाय. दिवाळीनंतर बघू."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या न्हाणीतलं तरट नीट अडकवत होत्या. वारा होता, ते सारखं सुटत होतं. मला इतका राग आला, की मी दोन भाकरी करपवल्या आणि त्याच मामंजींना वाढल्या.

दोन दिवसांनी दुपारी पुरुष शेतावर गेले होते. मी भांडी घासून आत आले, तर आत्याबाई स्टुलावर चढून खुंटीवरचं ड्रिल काढत होत्या. म्हणाल्या, "नंदे, दार धर."

"आत्याबाई, एकच बिट उरलंय."

"एकच लागतंय."

त्यांनी कोळशानं खुणा केल्या. बिटाला तेलाचं बोट पुसलं. मग पदर खोचून दारापाशी मांडी घातली, डाव्या हातानं मूठ धरली आणि उजव्या हातानं दांडा फिरवायला लागल्या. जोर नाही, घाई नाही. एका लयीत, जात्याचा खुंटा फिरवावा तसा. मला तेव्हा कळलं, की दुकानात त्यांना कोण ओळखीचं भेटलं होतं. तीस वर्षं रोज पायली-पायली दळलेला हात तो. बारीक भुसा बिटाभोवती पिठासारखा साचायला लागला, आणि आत्याबाई तो फुंकरीनं उडवत होत्या.

"मानसांचं हितंच चुकतं," त्या म्हणाल्या. "जोर लावला की जातंबी अडतं. त्याला नुसतं फिरवत ऱ्हायाचं. त्याचं त्ये खातं."

पहिलं भोक आरपार सरळ. दुसरं तसंच. अर्ध्या तासात बिजागऱ्यांची सगळी भोकं पडली. मालकांचा शेडातला स्क्रू-ड्रायव्हर मी ट्रंकेतून काढला. दोघींनी दार उचलून चौकटीत उभं केलं, खाली पाट सरकवला, आणि मी अंगानं दार रेटून धरलं. माझ्या खांद्याचं भरीत झालं. आत्याबाई चौकटीतली भोकं पाडत होत्या, तेवढ्यात मागं खाकरल्याचा आवाज आला. अंबाजीभाऊ.

मला वाटलं, आता झालं. पण आत्याबाईंनी पदर सावरला आणि सरळ विचारलं, "भाऊ, तिरपं तर न्हाई ना जात?"

अंबाजीभाऊ दोन्ही हात पाठीमागं बांधून जवळ आले. मान मिळाला नव्हता, म्हणून दाराला बोट लावायचं नाही. वाकून वरून पाहिलं, खालून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. म्हणाले, "वरची बिजागरी एक सूत आत घ्या, वैनी. न्हाईतर पावसाळ्यात दार घासंल." आत्याबाईंनी सूतभर आत घेतली. ते तासभर तसेच हात बांधून उभे राहिले आणि नुसत्या तोंडानं त्यांनी सगळं दार लावून घेतलं. मध्ये एकदा मात्र आत्याबाईंनी ड्रिल खाली ठेवलेलं पाहून त्यांचे हात सुटले. त्यांनी ते उचललं, चाक फिरवलं आणि लहान पोरासारखं तोंड केलं. "लय गुनाचं हाय," म्हणाले. मग मला म्हणाले, "ह्ये कुनी निवडलं?"

"खांबानं," मी म्हणाले.

शेवटी कडी बसली. आत्याबाईंनी आतून लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. मग आतल्या बाजूला चौकटीच्या वर आणखी एक भोक पाडलं आणि त्यात लाकडी खुंटी ठोकली. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, "कामाला येईल." त्या संध्याकाळी त्यांनी दारावर तरट सोडून ठेवलं. मामंजींना काही कळलं नाही. तसंही त्या बाजूला ते कधी बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामंजींना बेडश्याला सोयरिकीच्या बैठकीला जायचं होतं. पुतण्याचं लग्न ठरत होतं आणि शब्द द्यायचा मान त्यांचा. सकाळी नऊला ते विहिरीवरून अंघोळ करून आले, अंगात बंडी, कमरेला जुनं धोतर, आणि फेटा शोधायला लागले. नवा, गुलाबी, एकुलता एक फेटा. दांडीवर नव्हता, ट्रंकेत नव्हता.

"फेटा कुटं गेला?"

मी खांबाला सांगितलं, की न्हाणीत असावा.

मामंजी तरातरा परड्यात गेले. तरट बाजूला सारलं आणि समोर सागवानी दार. बंद. त्यांनी ढकललं. हललं नाही. आतून पाण्याचा आवाज आला.

"कोन हाय आत?"

"मी हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"ह्ये दार कुनी लावलं?"

"मीच लावलं."

मामंजींनी मागं वळून कुंपणाकडे पाहिलं. अंबाजीभाऊ दोन्ही हात वर करून दाखवत होते, की आपण बोटसुद्धा लावलेलं नाही. आणि ते खरंच होतं.

"बरं केलं. आता फेटा दे. बैठकीला उशीर हुतोय."

"फेटा खुंटीवर हाय. देते. आदी दाराचा मान आना. टॉवेल, टोपी, नारळ."

"बाईमानसाला टोपी? डोकं फिरलंय का तुजं?"

"टोपी अंबाजीभाऊंना. टॉवेलबी त्येन्ला. त्येंच्या शब्दावर दार बसलंय." मग आतून तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. पुढं त्या बोलल्या ते अगदी हळू, पण दाराला कान न लावताही ऐकू आलं. "नारळ मला. तुमचा मान हितं खुंटीवर टांगलाय, दाराचा मान तुमच्याकडं ऱ्हायलाय. आदलाबदली करू."

मामंजी उघड्या डोक्यानं परड्यात उभे. वाटेवरून गावातल्या कस्तुराबाई आणि सरूबाई धुणं घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. उघड्या डोक्यानं बेडश्याला जाणं शक्य नव्हतं आणि दार मोडणंही शक्य नव्हतं, कारण दार फार चांगलं बसलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांब शोधत होते.

अर्ध्या तासानं ते वाण्याकडून परत आले. टॉवेल आणि टोपी त्यांनी कुंपणावरून अंबाजीभाऊंच्या हातात दिली. अंबाजीभाऊंनी टोपी तिथल्या तिथं डोक्यावर चढवली. मग मामंजी न्हाणीपुढं आले. जरा घुटमळले. माझ्याकडून कुंकवाची कुयरी मागून घेतली, वाकले आणि उंबऱ्याला दोन बोटं ओढली. नारळ उंबऱ्यापाशी ठेवला.

"ठेवला बग नारळ," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "आता ये भाईर."

आतून तांब्याचा आवाज आला. पाणी अंगावर पडल्याचा. मग आत्याबाईंचा आवाज, इतका निवांत, की तसा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"बसा जरा. तीस वर्सांत पयल्यांदा उजेडात निवांत न्हातीया. येळ लागंल."

मामंजी धुणं आपटायच्या दगडावर बसले.